रात्री मोटारसायकल उभी केल्यावर पायापुरता उजेड कसा मिळवावा?

पाखाडीवरचा (प्रश्न)

नमस्कार. माझे घर संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत आहे. मोटारसायकल वरच्या रस्त्यापर्यंतच येते आणि तिथून जांभ्याच्या पाखाडीच्या ६४ पायऱ्या उतरून घर गाठावे लागते. दुसरी पाळी संपवून मी तिथे पोहोचतो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले असतात. गडग्याच्या कडेला गाडी लावून किल्ली फिरवली की हेडलाइट त्याच क्षणी विझतो, आणि तासभर त्या प्रखर उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना पुढची पायरीसुद्धा दिसत नाही.

मोबाइलचा टॉर्च आहे, पण पावसाळ्यात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात डबा असतो, आणि बोटे ओली असली की पडदा स्पर्शाला दाद देत नाही. वाडीतला खांबावरचा दिवा वळणाच्या पलीकडे आहे आणि वीज गेली की तोही नसतो. गेल्या जुलैत दुसऱ्या पायरीच्या खाचेत फुरसे बसले होते. त्याच वेळी रस्त्यावरून एक टेंपो वळला आणि त्याच्या झोतात ते दिसले, म्हणून माझा पाय थांबला. एरवी फुरसे अंगाला अंग घासून करकर आवाज करते, पण पावसाच्या आवाजात तो ऐकू येण्यासारखा नव्हता. तेव्हापासून मी येईपर्यंत पत्नी जागी राहते आणि बॅटरी घेऊन पाखाडी चढून वर येते. ती अंधारात चढते, हे मला मान्य होत नाही.

गाडी २०१९ची, ११० सीसीची आहे. हेडलाइटला स्वतंत्र बटण नाही. इंजिन बंद केल्यावरही दीड-दोन मिनिटे उजेड राहील आणि बॅटरी उतरणार नाही, अशी काही सोय करता येईल का?

तारजोडी

मी बावीस वर्षे दुचाकींचे वायरिंग करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागलाच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे तुमच्या गाडीला बटण नाही. पण बटण असते तरी तुमचा प्रश्न सुटलाच असता असे नाही. लहान गाड्यांपैकी पुष्कळांचा हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. त्याला मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, कॉइलमधून थेट एसी वीज मिळते, म्हणून इंजिन थांबले की दिवाही थांबतो. ओळखायची खूण सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हळूहळू रेस करा. रेसबरोबर उजेड वाढत आणि कमी होत असेल तर दिवा एसीवर आहे. अशा गाडीत हेडलाइटला टायमर जोडून काहीही उपयोग होत नाही. दिवा बॅटरीवर घ्यायचा म्हटले तर सगळे वायरिंग उघडावे लागते, आणि नंतर ३५ वॉटचा बल्ब रस्ताभर बॅटरीवर जळत राहिला की लहान गाडीच्या चार्जिंगला तो भार पेलत नाही.

म्हणून हेडलाइटचा नाद सोडा आणि ३ वॉटचा वेगळा एलईडी दिवा बसवा. बॅटरीची भीती बाळगू नका. १२ व्होल्टवर ३ वॉट म्हणजे पाव अँपिअर, म्हणजे दोन मिनिटांत ०.००८ अँपिअर-तास खर्च होतो, आणि तुमच्या गाडीची बॅटरी ४ अँपिअर-तासांची धरली तरी हा खर्च तिच्या खिजगणतीतही नाही. बॅटरी उतरवतो तो दिवा नव्हे, बाजारात मिळणारा तयार टायमर. तसले बरेच टायमर गाडी बंद असतानाही चोवीस तास थोडा प्रवाह ओढत राहतात. तो १० मिलिअँपिअर जरी असला तरी दिवसाला ०.२४ अँपिअर-तास जातात, आणि तुम्ही पंधरवडाभर गाडी जागेवर ठेवून कुठे गेलात तर परत येईपर्यंत सेल्फ लागत नाही.

तुम्हाला मी असे जोडायला सांगेन. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत २ अँपिअरचा फ्यूज घाला. फ्यूजमधून एक तार दिव्याच्या धन टोकाला आणि दुसरी तार १०० ओहमच्या रेझिस्टरमधून हँडलजवळच्या घंटेसारख्या दाबबटणाला न्या. बटणाची दुसरी बाजू आयआरएफझेड ४४ एन या मॉसफेटच्या, म्हणजे तीन पायांच्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या, गेट नावाच्या पायाला जोडा. गेट आणि ऋण टोक यांच्यामध्ये १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि १५ व्होल्टचा झेनर (जास्त व्होल्टेजपासून गेट वाचवणारा डायोड) लावा. कपॅसिटर आणि झेनर उलटे लागणार नाहीत एवढे पाहा. मॉसफेटचा सोर्स नावाचा पाय बॅटरीच्या ऋण टोकाला आणि ड्रेन नावाचा पाय दिव्याच्या ऋण टोकाला जाईल. बटण क्षणभर दाबले की कपॅसिटर भरतो आणि दिवा लागतो. पुढे रेझिस्टरमधून तो हळूहळू रिकामा होतो आणि साधारण दीड ते दोन मिनिटांनी दिवा मंदावत विझतो. विझल्यावर प्रवाह जवळजवळ शून्य. कपॅसिटर जितका जुना किंवा हलका, तितका हा वेळ कमी भरेल. टीव्ही दुरुस्त करणारा कोणीही हे अर्ध्या तासात सोल्डर करून देईल.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. या जोडणीत दिव्याची ऋण तार गाडीच्या सांगाड्याला कुठेही लागता कामा नये, कारण ती लागली तर मॉसफेट वगळला जातो आणि दिवा कायमचा पेटलेला राहतो. धातूची खोळ असलेला दिवा घेतलात तर ती खोळ ऋण तारेला आतून जोडलेली नाही ना, हे आधी तपासा. दुसरे म्हणजे किल्लीची मूळ तार कापू नका. बटण ठेवण्यामागे माझा हाच हेतू आहे. कंपनीच्या वायरिंगला हात लागत नाही, चालत्या गाडीत हा दिवा लागत नाही, आणि जाताना पाखाडी चढून आलात की किल्ली शोधायलाही तोच उजेड कामी येतो. दिवा खाली जमिनीकडे वळवा. गाडीच्या मागच्या बाजूस पांढरा आणि पुढच्या बाजूस लाल दिवा दिसणे नियमाविरुद्ध आहे, आणि मागून येणाऱ्याचा त्याने गोंधळही उडतो.

रात्रपाळीची आरोग्यसेविका

तारजोडी यांनी सांगितलेली जोडणी मला कळेल असे वाटत नाही, पण उजेड कुठे पडावा याबद्दल सांगण्यासारखे आहे. बाळंतपणाचा निरोप आला की मी स्कूटरने कोणत्याही वेळी निघते आणि शेवटचा टप्पा पायीच असतो.

आपण साइड स्टँड लावून डावीकडे उतरतो, म्हणून दिवा डाव्या पायटेकीच्या थोडा मागे आणि खाली तोंड करून हवा. पहिला धोका पाय टेकतो तिथेच असतो. पावसाळ्यात स्टँड चिखलात रुतून गाडी कलंडते, म्हणून मी एक चपटा दगड त्या जागी कायम ठेवला आहे, आणि दिव्याखाली तो दगडही दिसला पाहिजे.

पुढच्या पायऱ्यांसाठी गाडीवर विसंबू नका, कारण तुम्ही पाठमोरे चालता आणि तुमचीच सावली पुढच्या पायरीवर पडते. बटण हाताने दाबता येईल असा पट्ट्याचा टॉर्च घ्या, पण तो डोक्याला बांधू नका, कमरेला बांधा. डोक्यावर असला की पावसाचे थेंब आणि धुके डोळ्यांसमोरच चमकतात आणि जमीन मात्र सपाट दिसते. कमरेवरून उजेड तिरपा पडतो, त्यामुळे प्रत्येक पायरीच्या कडेला सावली येते आणि खाचेत काही असेल तर ते उठून दिसते. हा फरक मी स्वतः अनेक रात्री पाहिला आहे. पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला आणि काठीने पुढची पायरी ठोकत उतरा. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून "काही चावले असेल का" अशी शंका जरी आली तरी घरी वाट पाहत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.

जुनी बुलेट

माझ्या जुन्या बुलेटला हेडलाइटच्या दोन बाजूंना दोन छोटे पायलट दिवे आहेत आणि ते थेट बॅटरीवर चालतात. इंजिन बंद करून ते लावले की अँपिअर मीटरचा काटा किंचित उणे बाजूला झुकतो आणि अंगणाचे दार उघडण्यापुरता उजेड मिळतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ही सोय नाही याची मला खंत वाटते.

पाखाडीच्या तोंडाशी हालचाल ओळखून लागणारा सौर दिवा लावावा, असेही मी सुचवेन. गडग्यावर लोखंडी नळी पुरली की झाले.

तारजोडी

सौर दिव्याला माझा विरोध नाही, पण कोकणात जुलैमध्ये चार-चार दिवस ऊन पडत नाही आणि ज्या रात्री खरी गरज असते त्याच रात्री त्याची बॅटरी रिकामी सापडते. ऑक्टोबर ते मेपर्यंत तो उत्तम आहे.

पाखाडीवरचा

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवडे वापरल्यावर लिहीत आहे. रेस करून पाहिले, हेडलाइट एसीवरच आहे. देवरुखात एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांनी जोडणी करून दिली, आणि प्लॅस्टिकच्या खोळीतला दिवा पायटेकीच्या मागे बसवला.

पहिल्याच मुसळधार पावसात मात्र दिवा विझेना. साधे उघडे बटण लावले होते, त्यात पाणी शिरले आणि त्या पाण्यातूनच गेटला वीज मिळत राहिली. रात्रभर मंद पेटून सकाळी सेल्फ लागला नाही, किक मारून निघावे लागले. आता रबरी टोपीचे बटण हँडलच्या खालच्या बाजूने बसवले आहे आणि जोडणीची पेटी ग्रीस भरून बंद केली आहे. त्यानंतरच्या तीन आठवड्यांच्या पावसात एकदाही तक्रार आलेली नाही. असे बटण लावणाऱ्यांनी ही काळजी पहिल्या दिवसापासूनच घ्यावी.

दिवा १०० सेकंद चालतो. तेवढ्यात स्टँड दगडावर टेकवून, डबा काढून, कमरेचा टॉर्च लावून होतो आणि मी अकराव्या पायरीवरच्या वळणाशी पोहोचतो. सावलीबद्दल आरोग्यसेविका ताईंनी लिहिले ते अगदी खरे आहे. चौथ्या पायरीचा दगड हलतो हे माझ्या पायाला माहीत होते, पण त्याखालची फट किती मोठी आहे हे कमरेच्या उजेडात पहिल्यांदा दिसले. रविवारी ती सिमेंटने बुजवली. पत्नी आता वर येत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला वरचा दिवा लागलेला दिसतो, आणि मी वळण ओलांडेपर्यंत ती चहाचे आधण ठेवते.