मदत हवी आहे: केळीच्या खोडाचा हातकागद खपत नाही

रावेर तालुक्यातल्या महिला बचत गटासाठी विचारतेय. लगद्यात केळीचा धागा ४० टक्के, होजिअरीची पांढरी कात्रणं ६० टक्के. ताव २२ × ३० इंची, १५० जीएसएम (चौरस मीटरला १५० ग्रॅम), दोरीवर वाळवलेले. प्रदर्शनात थोडेफार जातात, पण पत्रिका छापणाऱ्याने माल परत केला: शाई फुटते, कडा वळतात, जाडी सारखी नाही, ऑफसेटवर धागे सुटतात. काय बदलावं? गिऱ्हाईक कुठे शोधावं?

प्रतिसाद १
ताई, आधी माल सुधारा. शाई फुटते म्हणजे साइझिंग (कागदाने शाई शोषू नये म्हणून घालायचं द्रव्य) कमी. त्यासाठी एकेडी नावाच्या रसायनाचं इमल्शन सुक्या लगद्याच्या २-३ टक्के, जाळीवर ताव उचलण्याआधी लगद्याच्या हौदात घाला. राळ-तुरटीनेही काम होतं, पण तो कागद आम्लधर्मी, पुढे पिवळा पडतो. चित्रकार घेत नाहीत. एकेडीचा गुण सावकाश येतो. ताव वाळल्यावर आठवडाभर ठेवा, मग पेनाने रेघ ओढून बघा. घाईने तपासून 'लागलंच नाही' म्हणत दुप्पट घालतात, तिथे पैसे वाया.

कडा वळतात कारण केळीचा लगदा वाळताना फार आकसतो, बीटरमध्ये (लगदा कुटायच्या यंत्रात) जास्त कुटला तर अजूनच. धागा २० टक्क्यांवर आणा. ओला ताव दोरीवर न टाकता गुळगुळीत फळीवर चिकटवा.

जाडीचं कारण हौदात आहे: प्रत्येक उचलीला लगदा पातळ होतो. दर ५-६ तावांमागे ठरलेल्या मापाने भर घाला. तुमचा ताव सुकून ६४ ग्रॅम भरला पाहिजे. घरातला डिजिटल काटा पुरे. ६० च्या खालचे, ६८ च्या वरचे वेगळे काढून त्यांच्या वह्या बांधा.

प्रतिसाद २
ऑफसेटचा नाद सोडा, स्क्रीन प्रिंटिंगवाले गाठा. एका तावात ५ × ७ ची १६ कार्डं बसतात. ५०० पत्रिकांना ३२ ताव, नासधूस धरून ४०. हे सगळे एकाच घाण्यातले, म्हणजे एका वेळी केलेल्या लगद्याचे हवेत, नाहीतर रंगात फरक पडतो आणि तक्रार येतेच. दर लावताना नापास तावांचा खर्च पास तावांवर चढवा. बहुतेक गट इथेच बुडतात.

'उमेद' या सरकारी ग्रामीण अभियानामार्फत महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनाला जाल तेव्हा सुटे ताव कमी, पाकिटं-वह्या जास्त न्या. प्रशिक्षणासाठी जयपूरजवळ सांगानेरची कुमारप्पा हातकागद संस्था आहे.

प्रश्न विचारणारी
घाण्यातला लगदा उरला तर?

प्रतिसाद १
पिळून चपटे गोळे करा, कडकडीत वाळवा. ओला ठेवला तर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो, वास तावाला लागतो. परत वापरताना रात्रभर भिजवून थोडाच फिरवा.