मदत हवी: बायकोला सायकियाट्रिस्टने गोळी दिलीये, अंगावरचं दूध बंद करायचं का?

वडगावकर
मिसेसला काल गोळी लिहून दिली. माझी आई म्हणतेय, गोळी घ्यायची तर अंगावरचं तोडा आणि डब्याचं सुरू करा. सासूबाई म्हणतात, दूध तोडू नका, गोळीच घेऊ नका. दवाखान्यात गर्दी होती, विचारायचं राहिलं. पाकीट अजून फोडलेलं नाही. उपदेश नकोत, हो की नाही एवढंच सांगा. रात्रीच्या आत ठरवायचंय.

निशिगंध
गोळीचं नाव? डोस? बाळ किती आठवड्यांचं? दिवस भरून झालं का? वजन वाढतंय का? यातलं काहीच न सांगता हो-नाही कसं मिळणार?

बाराभाई
बाळंतिणी रडतातच हो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतं, आपोआप जातं. लगेच गोळ्या म्हणजे निव्वळ धंदा.

वडगावकर
सात आठवडे झालेत. नॉर्मल डिलिव्हरी, दिवस भरून. नैराश्यासाठी सर्ट्रालीन २५, चार दिवसांनी ५०. शिवाय रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.२५, फक्त सात दिवस. बाळाचं वजन चांगलं वाढतंय. आता सांगा.

निशिगंध
मग तोडायची गरज नाही. सर्ट्रालीन दुधात फारच थोडी उतरते. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या रक्तात ती बहुतेकदा मोजण्याइतकीही सापडत नाही, म्हणून पाजणाऱ्या आईला सहसा हीच पहिली दिली जाते. सकाळी नाश्त्यानंतर द्या, रात्री घेतली तर काहींची झोप उडते. पहिला आठवडा मळमळ, पातळ शौच, हातापायांत अस्वस्थपणा असं होऊ शकतं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बहुतेक घरांत पाचव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बंद होते, तसं करू नका.

क्लोनाझेपामकडे जास्त लक्ष द्या. बाळ नेहमीपेक्षा सुस्त वाटलं, दूध ओढेनासं झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा. ती गोळी घेतलेल्या रात्री बाळ आईच्या कुशीत नको, शेजारी वेगळ्या पाळण्यात ठेवा.

बाराभाई, तुम्ही सांगताय ते रडू दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. इथे सात झालेत.

वैद्य_नव्हे_हौशी
रसायनं कशाला? अश्वगंधा अर्धा चमचा दुधातून, सोबत ब्राह्मी घृत. डोक्याला तेल, अंगाला शेक. महिन्याभरात फरक.

मेथीची_जुडी
अश्वगंधा थायरॉईडचे आकडे हलवते, आणि पाजणाऱ्या आईत ती सुरक्षित असल्याचा धड पुरावा नाही. नैसर्गिक आहे म्हणून दुधात उतरत नाही असं थोडंच आहे! शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीचा धूर नुसता डोळ्यांना झोंबत नाही, त्यातला कार्बन मोनॉक्साइड माय-लेकरं दोघांना मारू शकतो.

वडगावकर, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) केलं का? बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काहींचं थायरॉईड बिघडतं, आधी धडधड आणि घाबरेपणा, मग मरगळ. वरून बघितलं तर हेच चित्र. हिमोग्लोबिन आणि बी १२ पण त्याच रक्तात करून घ्या.

सह्याद्रीचा_पाऊस
मुलगी झाली का? घरात त्यावरून कुणी काही बोललंय का?

वडगावकर
हा काय प्रश्न झाला? आमच्याकडे तसलं काही नसतं. (मुलगीच आहे.)

सह्याद्रीचा_पाऊस
आरोप नाही करत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींत २३ टक्के नैराश्य आढळलं होतं, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं व नवऱ्याकडून मारहाण ही त्यातली मोठी कारणं होती. म्हणून विचारतात. तोंडाने कुणी बोलत नसेल, पण पेढे की बर्फी यावरूनही बाईला कळतं.

पॉलिसीवाला
दाखल करायची वेळ आली तर लक्षात ठेवा, मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार तीन वर्षांखालच्या मुलाला एरवी आईपासून तोडता येत नाही. विमा कंपनीलाही शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यावं लागतं. पॉलिसी कधीची आहे?

मेथीची_जुडी
पॉलिसीबद्दल त्यांनी विचारलंय कुठे?

वडगावकर, एक महत्त्वाचं. बाळ शांत झोपलेलं असतं तेव्हा तिला झोप लागते का? बाळ उठवतं म्हणून जागरण होणं वेगळं, आणि बाळ झोपूनही हिचा डोळा न लागणं वेगळं. आणि मरावंसं वाटतं का, हे तिला सरळ विचारलंय का? विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही.

वडगावकर
विचारलं. 'नाही, पण सगळं सोडून जावंसं वाटतं' म्हणाली. झोप तर अजिबातच नाही, बाळ झोपलं तरी छताकडे बघत पडते. गेले तीन दिवस तर रात्री उठून कपाटं आवरते. थकलेली दिसत नाही, हे एक बरं आहे.

निशिगंध
बरं नाही ते. आधी कधी असं झालं होतं का? लग्नाच्या आधीही. तिच्या माहेरी कुणाला?

वडगावकर
सासूबाईंना विचारलं. कॉलेजात असताना एकदा तीन आठवडे झोपत नव्हती, सारखी बोलायची, फीचे पैसे उडवले होते. तेव्हा गोळ्या चालू होत्या, मग बंद केल्या. मला आत्ता कळतंय. पण त्याला आता काय, जुनं आहे.

निशिगंध
डॉक्टरांना हे सांगितलं होतं का?

वडगावकर
नाही. त्यांनी विचारलं तेव्हा सासूबाई 'काही नाही' म्हणाल्या.

निशिगंध
मग माझं वरचं उत्तर बाजूला ठेवा. पाकीट फोडू नका, आत्ता डॉक्टरांना फोन करा. तुम्ही जे वर्णन केलंय ते बायपोलरचं (मन कधी फार उसळतं, कधी फार खचतं, असा आजार) असू शकतं, आणि बायपोलरमध्ये नुसती सर्ट्रालीन दिली तर मन उलट्या टोकाला उसळू शकतं. बाळंतपणानंतरचा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) एरवी हजारात एक-दोघींना होतो, बायपोलर असलेल्या बाईला त्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त. झोप न लागता अंगात उत्साह, रात्री कपाटं आवरणं, भराभर बोलणं, ही त्याची सुरुवात असू शकते.

यातलं काही दिसलं तर उद्याची वाट बघू नका, तडक हॉस्पिटलला न्या: भास, बाळाबद्दल विचित्र खात्री (हे बाळ बदललंय, याच्यात काहीतरी शिरलंय), गोंधळून जाणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचं बोलणं. तोवर तिला बाळासोबत एकटं ठेवू नका. डॉक्टर मिळाले नाहीत तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

बाराभाई
सासूबाईंना कशाला दोष? मुलीचं लग्न मोडू नये म्हणून लपवतात लोक.

मेथीची_जुडी
दोष कुणी दिला? पण डॉक्टरांकडे लपवून कुणाचं लग्न टिकणार आहे? जुनी चिठ्ठी माहेरी असेल तर शोधायला लावा. औषधाचं नाव कळलं तरी अर्धं काम होतं.

झोपेचं तर आजच्या आज करा. औषध कुठलंही ठरो, हिला सलग चार-पाच तास झोप मिळायलाच हवी. साडेदहाला पाजलं की बाळ तुमच्याकडे, पहाटे तीनपर्यंत. आधी काढून ठेवलेलं ९० मिलि दूध, वाटी-चमच्याने किंवा पलाडीने (बाळाला पाजायचं चोचीचं छोटं भांडं). फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस टिकतं, दारात ठेवू नका. गरम पाण्याच्या वाटीत कोमट करा, मायक्रोवेव्ह नको.

दुधावरची_साय
रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही. दूध आणणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं. महिन्याभरात दूध आटेल.

मेथीची_जुडी
सहा आठवड्यांनंतर रात्रीत एकदाच एवढा खाडा पडला तर दूध आटत नाही, झोपण्याआधी दोन्ही बाजू रिकाम्या केल्या तर. दूध न काढता तशीच झोपून राहिली तर मात्र गाठी होतात, ताप येतो. आणि बायपोलरची शंका असताना झोप आधी, दुधाचा हिशोब नंतर.

वडगावकर
फोन लागला. डॉक्टर म्हणाले, सर्ट्रालीन सुरू करू नका, रात्रीची गोळी द्या, सकाळी तिघे या, जुने कागद आणा. पण दुसरं औषध दिलं तर दुधाचं काय? आई परत तेच विचारतेय.

निशिगंध
ते औषधावर अवलंबून. क्वेटियापीन दुधात कमी उतरते, बाळाच्या सुस्तीवर लक्ष ठेवून पाजणं बहुतेकदा चालतं. लिथियम बऱ्यापैकी उतरतं, बाळाला जुलाब-उलट्या झाल्या तर ते अंगात साचतं, म्हणून पाजायचं तर बाळाच्या रक्ततपासण्या ठरवूनच. व्हॅल्प्रोएट दुधात कमी येतं, पण पुढच्या गर्भाला फार घातक, त्यामुळे मूल होण्याच्या वयात टाळतात. सकाळी नाव समोर आलं की तिथेच, खुर्चीवरून उठायच्या आत विचारा. आईंनाही सोबत न्या, म्हणजे डबा की दूध हे घरी येऊन पुन्हा सुरू व्हायचं नाही.

वैद्य_नव्हे_हौशी
अळिवाची खीर तरी चालेल ना?

मेथीची_जुडी
चालेल. खीर गोळीच्या आड येत नाही.