मिंटमधून डी ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही, सी तर उघडतच नाही

दोनबूट:
लॅपटॉपवर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट शेजारी शेजारी आहेत. डी हे डेटाचं पार्टिशन, एनटीएफएस (विंडोजची फाइल-मांडणी). मिंटमध्ये ते दिसतं, फाइली उघडतात, पण सेव्ह करायला गेलं की 'रीड-ओन्ली'. टर्मिनलमधून माउंट केलं (म्हणजे जोडून घेतलं) तर 'मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश, रिफ्यूज्ड टू माउंट' असं येतं. विंडोज दर वेळी नीट शटडाउन केलेलं असतं. सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणाऱ्या सीएचमॉड ७७७ नेही काही हललं नाही. सीवर क्लिक केलं तर पासवर्ड मागतो आणि विंडोजचा पिन घेत नाही. डी सुरुवातीलाच आपोआप जोडलं जायला हवं आहे.

कर्नेलकाका:
शटडाउन नीट होतच नाहीये, खरी गोम तिथेच आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शटडाउन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचं कर्नेल (सिस्टिमचा गाभा) हायबरनेट होऊन सीवरच्या हायबरफाइलमध्ये जाऊन बसतं. डी सकट सगळे ड्राइव्ह त्याच्या हिशेबी अजून उघडेच असतात. मधल्या काळात लिनक्सने डीवर काही लिहिलं आणि विंडोज जुन्या आठवणीवर जागं झालं, तर फाइली गायब होतात किंवा कामातून जातात. म्हणून लिनक्सचा एनटीएफएस ड्रायव्हर लिहू देत नाही, आणि ते बरोबरच करतो.

विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' चालवा. (कमांडा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना रोमनमध्ये.) याने हायबरनेटही जातं. ते हवं असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फक्त फास्ट स्टार्टअपची खूण काढा. मग पूर्ण शटडाउन करून मिंटमध्ये या. एखाद्या वेळेपुरतंच हवं असेल तर रीस्टार्ट करा, त्यात फास्ट स्टार्टअप लागू होत नाही.

नेटवर 'रिमूव्ह_हायबरफाइल' हा माउंटचा पर्याय सर्रास सुचवतात. त्याने विंडोजचं साठवलेलं सेशन थेट फेकलं जातं. विंडोज सुरूच होत नसेल तेव्हाचा तो उपाय आहे, रोजचा नाही.

माउंटकरी:
सीएचमॉडचं कारण वेगळं आहे. नेहमीच्या माउंटमध्ये एनटीएफएसवर मालकी आणि परवानग्या माउंट करतानाच ठरतात, नंतर बदलत नाहीत. त्या एफस्टॅबमध्ये द्यायच्या, म्हणजे सुरू होताना काय कुठे जोडायचं याच्या यादीत.

'एलएसबीएलके -एफ' ने डीचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) काढा. एनटीएफएसचा यूयूआयडी १६ अक्षरांचा असतो, मध्ये डॅश नसतात. /एमएनटी/डेटा हा फोल्डर बनवा आणि /ईटीसी/एफस्टॅबमध्ये एका ओळीत क्रमाने लिहा: यूयूआयडी, फोल्डर, प्रकार म्हणून 'एनटीएफएस-३जी', मग पर्याय 'यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,डीमास्क=०२२,एफमास्क=१३३,विंडोज_नेम्स,नोफेल', शेवटी ० ०. पर्यायांच्या स्वल्पविरामांनंतर जागा सोडायची नाही. १००० हा बहुतेक पहिल्या युजरचा क्रमांक. 'आयडी' चालवून खात्री करा.

नोफेल विसरू नका. ते नसेल आणि डी एखाद्या दिवशी जोडलं गेलं नाही, तर मिंट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन अडकतं. विंडोज_नेम्समुळे 'बैठक १०:३०' अशी कोलन असलेली नावं देताच येत नाहीत. लिनक्सला ती चालतात, विंडोजला मात्र अशी फाइल ना उघडता येते ना पुसता.

लिहून झालं की रीबूटच्या आधी 'सुडो माउंट -ए' करून बघा. चूक असेल तर तिथेच कळेल.

कुलूपकिल्ली:
सीला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, लागलेलं आहे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर ते न विचारता चालू होतं. तिथे पिन नाही, ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळेल, किंवा विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर प्रॉम्प्टवर 'मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:' ने.

लिनक्सचं क्रिप्टसेटअप २.३ पासून बिटलॉकर उघडतं: 'सुडो क्रिप्टसेटअप ओपन --टाइप बिटएलके', पुढे पार्टिशन आणि मनाचं एक नाव. की टाकली की /डेव्ह/मॅपरखाली त्या नावाचं डिव्हाइस येतं, ते 'आरओ' (फक्त वाचण्यापुरतं) पर्यायाने माउंट करा. सीवर लिनक्समधून लिहायचं कारणच काय? आणि ती की कागदावर उतरवून ठेवा. बायॉसमध्ये सिक्युअर बूट बदललंत की विंडोजही तीच मागू शकतं.

दोनबूट:
डी आता लिहितंय. वेग वाढावा म्हणून एफस्टॅबमधला प्रकार 'एनटीएफएस३' केला. काल कॉपी चालू असताना बॅटरी संपली आणि आता 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक'. डिस्क गेली का?

कर्नेलकाका:
नाही. हा संदेश मोघम आहे, खरं कारण 'सुडो डीएमईएसजी' च्या शेवटी दिसेल: 'व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट'. एनटीएफएस३ हा ड्रायव्हर लिनक्स कर्नेल ५.१५ मध्ये, २०२१ साली आला. तो वेगवान आहे, पण डर्टी (नीट बंद न झालेलं) पार्टिशन लिहिण्यासाठी जोडून घेत नाही. 'फोर्स' देऊ नका. विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क, म्हणजे 'सीएचकेडीएसके डी: /एफ', चालवा, पूर्ण होऊ द्या, मग परत या.

विंडोज हाताशी नसेल तर आधी 'आरओ' ने माउंट करून महत्त्वाचं बाहेर काढा, मगच 'एनटीएफएसफिक्स -डी'. ते चेकडिस्कची जागा घेत नाही. काही ढोबळ विसंगती दुरुस्त करतं, जर्नल (बदलांची नोंदवही) रिकामं करतं आणि डर्टीची खूण पुसतं. आत खरंच काही मोडलं असेल तर ते तसंच राहतं.