मदत हवी आहे: "आपले लोक कुठे राहतात?" या प्रश्नाला एजंटने काय सांगावं?

नमस्कार मंडळी. अमेरिकेत रिअल इस्टेटचं लायसन्स मिळून मला दुसरं वर्ष चालू आहे. गिऱ्हाइकं बहुतेक आपलीच, ओळखीतून आलेली. दोन ठिकाणी अडले आहे, अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

जवळजवळ प्रत्येक जोडपं पहिल्याच भेटीत विचारतं, "ताई, आपले लोक कुठे जास्त आहेत? तिकडचीच घरं दाखवा." शेजारी आपली भाषा बोलणारं कुणी असावं असं वाटणं मला पुरेपूर कळतं, मीही तशीच आले होते. पण १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याप्रमाणे वंश, रंग, धर्म, मूळ देश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं एजंटला मना आहे. याला स्टिअरिंग म्हणतात. गिऱ्हाइकाने स्वतःच मागितलं, एवढ्याने माझी सुटका होत नाही. कुठे राहायचं ते त्याने खुशाल ठरवावं, ते माझ्या तोंडून यायला नको.

म्हणून मी बजेट, खोल्या, ऑफिसचं अंतर विचारते. जनगणनेचे आकडे आणि शाळांची माहिती सरकारी साइटवर आहे, ती बघून तुम्ही सांगाल तो भाग दाखवते, असं म्हणते. चेहरे पडतात. एक काका म्हणाले, "आपल्याच माणसांशी एवढं परक्यासारखं बोलतेस?" आणि दुसऱ्या एजंटकडे गेले. व्यवहार गेला त्याचं एवढं नाही, ते "परक्यासारखं" फार लागलं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. सहा अपार्टमेंटच्या एका इमारतीसाठी मी भाडेकरू शोधते आहे. तिचे मालक (स्वतः तिथे राहत नाहीत) म्हणतात, लहान मुलं असलेलं कुटुंब नको, बाल्कनी आहे, मूल पडलं तर? १९८८ च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्ती आणि अठरा वर्षांखालची मुलं असलेली कुटुंबं या कायद्याच्या संरक्षणाखाली आली, गरोदर बाईसुद्धा. बाल्कनीचा धोका सांगावा, पण घर घ्यायचं की नाही ते आईबापांनी ठरवायचं. हे मी त्यांना सांगितलं. त्यावर उत्तर, "तू फक्त घर गेलं म्हणून सांग." मी नाही म्हटलं. ऐकलं नाही तर काम सोडणार हे नक्की, पण मग ते दुसऱ्याकडून हेच करून घेतील. त्यांना पटवायचं कसं?

गेल्या वर्षी एका जुन्या घराचे कागद बघत होतो. मूळ दस्तात कलम होतं की गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहू नये, घरातले नोकर सोडून. १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर निकालापासून कोर्ट असली कलमं राबवत नाही, पण कागदावर ती तशीच आहेत. घर घेणारं जोडपं आपलंच होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी इथे भांडी घासायला आले असते तर चाललं असतं." तेव्हापासून "घर गेलं" हे खोटं माझ्या तोंडून निघणं शक्य नाही.

प्रतिसाद: ताई, आधी तुमच्या ब्रोकरला, म्हणजे ज्यांच्या हाताखाली तुम्ही एजंट म्हणून काम करता त्यांना, आजच कळवा. मालकाला जे तोंडी सांगितलंत ते मेलवर लिहा. त्यांना तत्त्व पटणार नाही, धोका पटेल. फोन करणारा खरा भाडेकरूच असतो असं नाही, टेस्टरही असतो, म्हणजे भेदभाव होतो का ते तपासायला भाडेकरू म्हणून चौकशी करणारा. रिचमंडच्या हेवन्स रिअल्टी खटल्यात काळ्या टेस्टर बाईला घर नाही म्हणून सांगितलं आणि गोऱ्या टेस्टरला आहे म्हणून. खोटी माहिती मिळालेल्या टेस्टरलाही दावा लावता येतो, असं सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये ठरवलं. पहिल्या अडचणीसाठी एक करा: कायद्यावरचं एक पान सगळ्याच गिऱ्हाइकांना प्रश्न यायच्या आधी हातात द्या. मग काकांना ते आपल्यापुरतं वाटणार नाही.

धागाकर्ती: मनापासून आभार. मेल पाठवली, ब्रोकरशीही बोलले. आता आणखी एक. मी हे काम घेण्याआधी मालकांनी एका बाईला मुलांवरूनच परत पाठवलं होतं, असं त्यांच्याच बोलण्यात आलं. हड, म्हणजे केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे, तक्रारीला एक वर्षाची मुदत असते, त्यातले सात महिने गेलेत. बाईंचा नंबर जुन्या अर्जांत आहे. मालकाची एजंट असताना मी त्यांना फोन करू शकते का? कुणावर अशी वेळ आली असेल तर लिहा, विपु (विचारपूस, म्हणजे माझ्या पानावर निरोप) केलीत तरी चालेल.