मदत हवी आहे: तांब्याच्या कड्यांचं ब्रेसलेट काठीसारखं ताठ होतंय

नमस्कार मंडळी. कड्या गुंफून दागिने करायचा नाद लागलाय. साध्या साखळ्या जमल्या म्हणून हौसेने बायझंटाईन विणीला हात घातला. दोन-दोन कड्यांच्या जोड्या, एक जोडी मागे दुमडायची, फाकवायची आणि मधून पुढची जोडी ओवायची. मुलगा म्हणतो, आई चिलखत विणतेय.

पहिल्या दोन गाठी कशाबशा होतात. मग दुमडलेल्या कड्या फाकतच नाहीत, पुढच्या जोडीला शिरायला जागा नसते. पक्कडीने रेटलं तर तार ओरबाडते. बोटभर साखळी झालीय, ती वळत नाही, एका टोकाला धरली तर आडवी उभी राहते!

व्हिडिओ अमेरिकन बाईंचा आहे. तांब्याची १८ गेज तार, कडीचा आतला व्यास ३.५ मिमी. मीही मोटर वाइंडिंगच्या दुकानातून १८ नंबरची पाव किलो तार आणली, ३.५ च्या ड्रिल बिटावर गुंडाळली, कटरने दीडशे कड्या पाडल्या. सगळं तसंच केलं. हात जड आहे का माझा? तीनदा उसवलंय.

कडीकुलूप:
ताई, हाताला दोष देऊ नका. त्याच तारेचे दहा वेढे पेन्सिलवर एकमेकांना चिकटवून घाला आणि फूटपट्टीने रुंदी सांगा.

धागाकर्ती:
साडेबारा मिमी.

कडीकुलूप:
वाटलंच. अमेरिकेत तांब्याची तार एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर गेज) मापाने विकतात, आपल्याकडे वाइंडिंगची तार अजून इंग्रजांच्या एसडब्ल्यूजीने (स्टँडर्ड वायर गेज). त्यांची १८ म्हणजे १.०२ मिमी, आपली १८ म्हणजे १.२२. वर इनॅमलचा, म्हणजे रोगणाचा थर, म्हणून तुमची सव्वा मिमी भरली.

या कामात आतला व्यास भागिले तारेची जाडी हा आकडाच सगळं ठरवतो. बाईंचा ३.४ येतो, तुमचा २.८. बायझंटाईनला साडेतीनच्या आसपास हवा. प्रत्येक कडीच्या पोटात चार कड्या बसतात, वर त्यांना वळायला जागा लागते. फार मोठा घेतलात तर वीण लोळते, तेही नको.

तार बदलू नका, बिट बदला. ४.५ मिमीवर गुंडाळा, ३.६ येईल. बाईंच्याइतकं नाजूकच हवं असेल तर दुकानात १९ नंबर मागा, ती १.०२ च भरते.

मोरपंखी:
इनॅमल आधी गॅसवर जाळून टाका, मग चिंच-मिठाने घासा. तांबं कसं लखलखतं बघा.

कडीकुलूप:
स्वयंपाकघरात अजिबात नको, तो धूर विषारी असतो. शिवाय तापवलेली तार आणखी मऊ होते, कड्या ओढ बसली की उघडतील. इनॅमल राहू दे, तांबं काळंही पडणार नाही. पक्कडीच्या तोंडाला कागदी टेप लावा, म्हणजे ओरखडे येणार नाहीत. दातेरी पक्कड असेल तर बाजूला ठेवा, सपाट तोंडाच्या दोन घ्या. आणि कडी दोन्हीकडे ओढून उघडू नका. एक टोक पुढे, एक मागे, अशी पिळा. मिटताना टोकं एकमेकांच्या किंचित पुढे नेऊन परत आणा, फट राहत नाही.

धागाकर्ती:
साडेचारच्या कड्यांची नऊ गाठींची साखळी झाली, टेबलाच्या कडेवरून मऊसूत ओघळते. पाव किलोतली जेमतेम सव्वादोन मीटर संपली होती, म्हणून उरलेली तार फुकट जाईल याचीच धास्ती होती. दीडशे तंग कड्या एकेरी साखळीत वापरेन.

आता फक्त टोकं ओढणीत अडकतात. कटरने एक बाजू सपाट येते, दुसरी चिमटलेली.

कडीकुलूप:
सोनारी करवत आणा. बिटावर गुंडाळलेल्या तारेची स्प्रिंग लाकडी दांडीवर चढवा आणि लांबीतून कापत जा. पहिल्या दिवशी दोन-तीन पाती मोडतील, डझनानेच घ्या.