पहिला डीएसएलआर: मित्राचा डी३२०० घेऊ की नवा १५००डी?

भटका_सातारकर
नमस्कार मंडळी, मोबाईलवर फोटो काढून काढून कंटाळा आलाय. कास घरापासून जवळ, सप्टेंबरात तिकडे चक्कर होतेच, शिवाय घरामागच्या तारेवर वेडे राघू येऊन बसतात पण मोबाईलवर झूम केलं की हिरवा ठिपका आणि बाकी सगळं आभाळ. बजेट सगळं मिळून ४० हजार. मित्र त्याचा निकॉन डी३२०० किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५ मिमी) स्वस्तात देतोय, म्हणजे उरलेल्या पैशात दूरचं जवळ आणणारी नवी ७०-३०० मिमी लेन्स घेता येईल. दुसरीकडे दुकानदार म्हणतो जुनं कशाला घेताय, कॅननचा १५००डी घ्या, वॉरंटी मिळेल. काय करू? दीड वर्षाची मुलगी पण आहे, तिचेही फोटो काढायचेत.

काजवा
मेगापिक्सेल बघून ठरवत असशील तर दोन्ही २४चेच आहेत, तो मुद्दा सोडून दे. डी३२०० आला २०१२ला आणि १५००डी २०१८ला, पण उन्हात काढलेल्या फोटोत तुला मोठा फरक दिसायचा नाही. बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, दोन-चार वर्षांत बदलशील, लेन्स राहते, त्यामुळे पैसे लेन्समध्ये घाल. पक्ष्यांसाठी ३०० मिमी पाहिजेच, आणि खरं सांगायचं तर तेही कमीच पडतं.

तिरपा_डोळा
आता डीएसएलआर कशाला घेताय राव? निकॉन, कॅनन दोघंही सगळं नवीन मिररलेसमध्येच (आत आरसा नसलेले कॅमेरे) काढतायत. थोडं थांबा, पैसे साठवा.

काजवा
@तिरपा_डोळा, ४० हजारात बॉडी आणि ३०० मिमीची लेन्स मिररलेसमध्ये बसवून दाखव, मग बोलू 😀 आणि थांबेपर्यंत पोरगी शाळेत जाईल.

जुनी_रीळवाली
एक मिनिट, ती ७०-३०० नक्की कुठली घेताय? लेन्सवर एएफ-पी लिहिलं असेल तर डी३२००वर ती चालायची नाही. लेन्स बसते व्यवस्थित, पण ऑटोफोकस होत नाही आणि हाताने करावं म्हटलं तर रिंगसुद्धा इलेक्ट्रॉनिक, म्हणजे नुसती फिरवत बसा. डी३३००ला फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की चालते, डी३४०० आणि डी३५००ला काहीच करावं लागत नाही. डी३२००च घेणार असाल तर एएफ-एस लिहिलेली ५५-२०० किंवा ५५-३०० बघा, आणि नावात व्हीआर हवंच, नाहीतर हात हलला की सगळं पुसट. ५० मिमीची स्वस्त एएफ-डी कोणी गळ्यात मारत असेल तर तीही नको, तिला ऑटोफोकससाठी बॉडीतली मोटर लागते आणि या बॉडीत ती नसते. मी ही चूक करून बसलेय, ती लेन्स अजून कपाटात आहे. मुलीसाठी ३५ मिमी १.८ एएफ-एस नंतर कधीतरी घ्या, घरातल्या ट्यूबलाइटमध्ये किट लेन्स रडते.

भटका_सातारकर
बापरे, एएफ-पीच बघून ठेवली होती! ॲडव्हान्स देणारच होतो. मग मित्राचा कॅमेरा घेताना काय काय तपासू?

जुनी_रीळवाली
लेन्सच्या एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढुरकं दिसलं तर ती बुरशी, मित्र असला तरी ती लेन्स नको. तुमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने ओल, तेव्हा कॅमेरा घरी आणलात की बॅगेत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. मग अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) एफ/२२ म्हणजे अगदी बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते, घाबरू नका. आणि ताजा जेपीईजी फोटो शटर काउंट (शटर किती वेळा उघडलं तो आकडा) दाखवणाऱ्या साईटवर टाका, निकॉनमध्ये तो आकडा फोटोतच असतो. या मॉडेलचं शटर १ लाखापर्यंत तपासलेलं आहे, १५-२० हजार झाले असतील तर बिनधास्त घ्या.

काजवा
कासला फुलांसाठी वेगळी लेन्स नको हं लगेच. सीतेच्या आसवांचा गालिचा किट लेन्सच्या १८ला घे, एकटं फूल हवं तर ५५ करून जवळ जा. दवबिंदू नावाचं कीटक खाणारं रोपटं मात्र फारच चिमुकलं, तिथे किट लेन्स हात टेकते. आणि फोटोसाठी फुलं तुडवू नकोस, वाटेवरूनच काढ.

भटका_सातारकर
शनिवारी मित्राकडे टॉर्च घेऊन जातोय, त्याला अजून सांगितलं नाहीये कशासाठी 😅 सेकंडहँड एएफ-एस ५५-३०० कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.