लाँगआर्मवर पाठीमागे पापण्या आणि गुंता, बॉबिन केस बदलू का?

ऐरोलीची गोधडी:
नमस्कार मंडळी, मी ऐरोलीत घरीच गोधड्या करते, सहा महिन्यांपूर्वी सेकंडहँड लाँगआर्म घेतली (फ्रेमवर ताणलेल्या गोधडीवर फिरवून शिवायची मोठी मशीन), एम साइझची बॉबिन लागते. सरळ रेषेत टाका छान पडतो पण गोल फिरवलं की पाठीमागे दोऱ्याच्या बारीक पापण्या, म्हणजे सुटे फासे, उठतात, आणि मशीन थांबवून परत चालू केली की तिथेच खाली गुंता. आत्ता फ्रेमवर सासूबाईंच्या आईच्या सुती साड्या चढवल्यात, इतक्या विरल्यात की टाका उसवताना कापडच हातात येतं, काल वीतभर उसवायला दीड तास गेला आणि खरंच रडू आलं. एका मेकॅनिकला बोलावलं तर तो बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीचा, स्क्रू करकचून आवळून गेला, आता खालचा दोरा तुटतो पण. नवीन केस घेऊ का?

नौपाड्याची काकू:
थांब गं, लगेच खर्च नको करूस. आधी वर लाल आणि खाली पांढरा दोरा घाल, फ्रेमच्या कडेला जुन्या चादरीचा तुकडा लाव आणि त्यावर गोल फिरवून बघ. पापण्या लाल दिसल्या तर बहुतेक बॉबिनचा दोष नाही, वरचा दोरा सैल आहे नाहीतर त्याला दाबून धरणाऱ्या चकत्यांमध्ये बसलाच नाहीये, दोन्ही हातांनी धरून चकत्यांत मागेपुढे ओढून बसव. आणि वळणावर हात सावकाश, आपण वेगात खेचलं की सुई वाकते.

वागळे इस्टेट:
काकू बरोबर बोलतायत. मी वागळेला कारखान्यात मशीनी सांभाळतो, त्यावरून सांगतो, ताई तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत, पापण्या एक आणि थांबल्यावरचा गुंता दुसरा.

थांबल्यावर होतो तो बॉबिनमुळे. मशीन थांबली तरी भरलेली बॉबिन केसमध्ये फिरतच राहते, दोरा जास्तीचा सुटतो आणि पुढच्या टाक्याला गोळा होतो. ते थांबवायला केसच्या आत तळाला एक पातळ पत्ती असते, ती आहे का बघा, जुन्या मशीनमध्ये चपटी झालेली असते नाहीतर कोणीतरी काढून टाकलेली. बॉबिन पण काठोकाठ भरू नका, आणि भरताना फुल स्पीड नको, पॉलिस्टरचा दोरा ताणला जातो आणि नंतर आक्रसतो. चालू करताना एक टाका घेऊन खालचा दोरा वर काढायचा, दोन्ही टोकं धरायची, मगच पुढे.

आता तो आवळलेला स्क्रू. केस तळहातावर ठेवा आणि दोरा सरळ वर ओढा. केस कडेवर उभी राहिली पाहिजे पण हातावरून उचलली जाता कामा नये, उचलली तर टाइट, आणि नुसता दोराच सुटत राहिला तर सैल. स्क्रू एकावेळी घड्याळाच्या पाच मिनिटांएवढाच फिरवायचा, मोठा स्क्रू, छोट्याला हात लावू नका. त्याआधी बाहेरच्या पट्टीखालून व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा फिरवा, तिथे कापसाचा एक तंतू अडकला तरी टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, बदलतं. ऐरोलीला खाडीची हवा, पावसाळ्यात केसला गंज पण धरतो, बोटाने खरखर लागते का बघा. बॉबिनभोवती फिरतो त्या हुकला बॉबिन बदलताना तेलाचा एकच थेंब.

नौपाड्याची काकू:
आणि गोधडी फ्रेमवर ढोलकीसारखी ताणू नकोस, खालून बोट लावलं तर वरून चिमटीत धरता आलं पाहिजे. साड्यांना जरीचं काम असेल तर सुई लवकर बोथट होते हे पण लक्षात ठेव.

ऐरोलीची गोधडी:
आज दुपारी सगळं केलं. पापण्या लालच निघाल्या! वरचा दोरा एका चकतीच्या बाहेरूनच जात होता. केसच्या पट्टीखालून निळ्या दोऱ्याचं नखाएवढं तूस निघालं, मी तर निळा दोरा कधी वापरलाच नाही म्हणजे आधीच्या मालकाच्या वेळचं असणार. आणि आतली पत्ती नव्हतीच, म्हणून थांबलं की गुंता. पत्ती मागवलीये, तोपर्यंत बॉबिन अर्धीच भरते आणि वळणावर थांबत नाही. स्क्रू घड्याळाच्या पाच-पाच मिनिटांएवढा सैल करत आणला, चौथ्यांदा केस तळहातावर उभी राहिली. रात्री चादरीवर चार फुलं काढली, पाठीमागून हात फिरवला तर एक पापणी लागत नाही.

काकू, एका साडीच्या पदराला जरीचं काम आहे, तो भाग अजून शिवायचाय. १८ नंबरची नवीन सुई घालूनच त्याला हात लावते.